दाराआडचा खटका

मालिका कोरियन होती आणि पहिल्याच दृश्यात एक माणूस भिजत उभा होता. बंदराच्या कडेला, लोखंडी जिन्याखाली, अंगात पातळ कोट, बोटांत विझलेली सिगारेट. त्याची नजर एका जागी ठरत नव्हती. दारावर, पाण्यावर, जिन्यावर, पुन्हा दारावर.

"हा असा ओलाच राहणार का शेवटपर्यंत?" आईनं विचारलं. मांडीवर उशीचा अभ्रा, ओठांत दोरा. रविवारची दुपार होती. चष्म्याच्या दुकानातल्या मैत्रिणीनं मालिकेची इतकी तारीफ केली होती, की लेकीनं आज फोन टीव्हीला जोडून, पडदे ओढून, आईबाबांना बळंच समोर बसवलं होतं. बोलणं त्यांच्या भाषेत, खाली अक्षरं मराठीत.

तो भिजणारा माणूस पोलीस होता आणि तस्करांच्या टोळीत ड्रायव्हर म्हणून शिरला होता. हे गुपित जगात फक्त एका अधिकाऱ्याला ठाऊक. तिकडची नावं आईच्या जिभेवर बसेनात, तेव्हा तिनं सगळ्यांचं बारसंच उरकून टाकलं. नायक तो भिजका. टोळीचा म्होरक्या खोलीत आला की सगळे ताडकन उठून उभे राहात, म्हणून तो सासरेबुवा. गाल शिवलेला तो टाक्या. आणि भिजक्याला आडबाजूला भेटणारा, सगळ्या मालिकेत एकटाच कोरडा असलेला अधिकारी, तो छत्रीवाला.

लेकीला मालिका पहिल्या घोटालाच चढली. इथं कोणी ओरडत नव्हतं. मारणारे हळू मारत, खोटं बोलणारे त्याहून हळू बोलत. खोल्या कोंदट, दिवे पिवळे, भिंतींना ओल. नायकाला गाणं नव्हतं, नायिकेचा पत्ता नव्हता. एक माणूस दुसऱ्याचं जगणं अंगावर घालून बसला होता आणि तो अंगरखा त्याला काखेत काचत होता, एवढंच होतं. पण बघणाऱ्याला जागेवर बसवत नव्हतं. लेकीनं पाय वर घेतले, खाली सोडले, पुन्हा वर घेतले.

नवल बाबांचं होतं. बाबा शहराच्या बसवर ड्रायव्हर. घरात टीव्ही लागला, की "काय ती कटकट" म्हणत गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आई म्हणायची, यांना माणसांचा कंटाळा आलाय, इंजिनाशी संसार करतात. आज मात्र ते हलले नव्हते. भिजका गाडी चालवताना आरशातून मागच्या लोकांचे चेहरे वाचायचा, ते बघून त्यांनी मान डोलावली. टाक्यानं सासरेबुवांच्या पाठीमागे काहीतरी खवचट म्हटलं, तेव्हा सगळ्यांत आधी बाबा हसले. आईनं सुई थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. तिला इतकं बरं वाटलं, की ती शिवता शिवता गुणगुणायला लागली,

*सुई चालली पुढं, दोरा तिच्या मागं मागं...*

ही तिची स्वतःची ओळ. लेक लहान होती तेव्हा आई अशी ओळ टाकायची आणि बाबा कुठूनही, न्हाणीतूनसुद्धा, दुसरी जोडायचे,

*घरधनीण बोले, घर सारं जागं जागं.*

आज ओळ टाकली गेली आणि तशीच पडून राहिली. बाबा खालची अक्षरं वाचत होते.

मग ते दृश्य आलं. भिजका एका बंद दारासमोर उभा. संगीत थांबलेलं, बोलणं नाही, खाली एकही अक्षर नाही. आणि दाराआड खट् झालं. पिस्तुलाचा खटका. बारीक, कोरडा, सुपारी फुटावी तसा.

आईच्या बोटात सुई गेली. लेकीनं उशी छातीशी ओढली. बाबांच्या हातातल्या बशीत चहा शांत होता.

दार उघडलं, काळी नळी पुढं आली आणि मग बाबा दचकले. चहा बशीबाहेर गेला.

"बघा, आता घाबरले," आई हसून म्हणाली.

लेक हसली नाही. तिचं लक्ष मालिकेतून उडालं ते उडालंच.

दोन दिवस तिला चैन पडेना. बाबा पाठमोरे असताना ती साध्या आवाजात म्हणायची, बाबा, तुमची किल्ली खाली पडली. बाबा वळायचे नाहीत. समोर येऊन तेच म्हटलं की खिशाला हात लावायचे. ती जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून बघायची, तर बाबांची खुर्ची अशा कोपऱ्यात, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. फोन आला की, "घे गं, माझे हात ओले आहेत." हात कोरडे असले तरी. घरात ज्याची थट्टा चालायची तो बाबांचा वेंधळेपणा, तो तुसडेपणा, ते गॅलरीत जाणं, सगळं तिनं उलटं करून पाहिलं आणि सगळ्याला एकच अस्तर निघालं.

दुकानात ती चष्म्याच्या काचा घासायची. चौकटीच्या मापानं काच फिरवायची, कड घासायची, बसवून बघायची. त्या दोन दिवसांत तिच्या हातून काचा वाया गेल्या. गिऱ्हाईकं काउंटरवर येऊन खुशाल सांगत होती, अहो, मला जवळचं दिसत नाही, लांबचं दिसत नाही, नंबर वाढलाय. डोळ्यांचं सांगायला कोणाला लाज नव्हती. ती काच फिरवत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर एक भरलेली बस चौकातून वळत होती, जिच्या ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येत नव्हता.

बुधवारी दुकान अर्धा दिवस बंद असायचं. ती घरी न जाता बाबांच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

बाबांच्या गाडीचा कंडक्टर लांब टांगांचा, उड्या मारत चालणारा. सगळा डेपो त्याला टोळ म्हणायचा. ती त्याला टोळकाका म्हणायची. तिला बघून तो हरखला, पुढची जागा दिली, तिकीट घेऊ देईना. आणि ती बसली, बघत बसली.

छतालगत बेलची दोरी होती. तिला कोणी हात लावत नव्हतं. टोळकाका गर्दीत मागपर्यंत शिरायचा, तिकिटं द्यायचा आणि थांबा येण्याआधी कोपरं मारत, "सरका, सरका, पोरीबाळी सांभाळा" करत पुढं दाराशी हजर व्हायचा. तिथं आरशात बघून तळहात उघडायचा. गाडी थांबायची. उतरणारे उतरले, चढणारे चढले, की दोन बोटं वर. आरशात बाबांचे डोळे खाली यायचे, वर जायचे. गाडी निघायची. एखादा म्हणालाच, मास्तर, बेल मारा की, तर टोळकाका म्हणायचा, बेल सासरी गेलीय, मी तिचा भाऊ आलोय कामाला.

लोक हसायचे. तीही हसली असती.

मोठ्या पुलाच्या अलीकडे मागून ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. बसमधल्या माना वळल्या. भोंगा जवळ आला, अगदी पाठीला लागला, काचा थरथरायला लागल्या. बाबा रस्त्याच्या मधोमध, शांत, एका लयीत गाडी हाकत होते. पुढं सायकलवाला होता, त्याला जपत होते. टोळकाका मागं अडकला होता. तो माणसांवरून जवळजवळ पोहतच पुढं आला आणि त्यानं आरशासमोर हात हलवला, तेव्हा कुठं गाडी कडेला झाली. पांढरी गाडी सुसाट पुढं गेली.

शेवटच्या थांब्यावर बाबा नळावर तोंड धुवायला गेले. टोळकाका तिच्यासमोरच्या बाकावर बसला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो गप्प झाला, आणि टोळ गप्प झाला म्हणजे कबूलच झाला.

ती म्हणाली, "डेपोत कोणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुला."

त्यानं मग सगळं सांगितलं. डेपोतल्या तपासणीला डॉक्टर समोर बसून प्रश्न विचारतात, तोंडावर फडका धरत नाहीत, त्यामुळे निभावलं. वर्षानुवर्षं एकाच गाडीवर दोघं, त्यामुळे आरशाची भाषा बसली. निवृत्ती काही फार लांब नाही, तोवर ओढू म्हणाले. गाडी अजून कुठं घासलीसुद्धा नाही. तुझ्या बापासारखा हात डेपोत दुसरा नाही, पोरी, हे त्यानं दोनदा सांगितलं.

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

टोळकाकानं दोरीकडे पाहिलं. त्याच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं, परगावी. उद्यापासून तो मोठ्या रजेवर. नव्या बाई येणार होत्या गाडीवर, नियमानं चालणाऱ्या, बेल मारणाऱ्या. त्यानं बाबांना विचारलं होतं, तर बाबा म्हणाले, दोरी खेचली की छताचा पत्रा हलतो, ते मला पायात कळतं.

"कळतं का?"

"मला नाही माहीत," टोळकाका म्हणाला. मग खाली बघत, "मी साहेबांकडे जाऊन सांगू? ज्याच्या डब्यातलं इतकी वर्षं खाल्लं त्याची चुगली करू? माझ्यानं नाही होणार. तू लेक आहेस. तुझं तो ऐकेल."

आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तो ओशाळला.

त्या संध्याकाळी बाबांनीच मालिका लावायला सांगितली. ते आईकडे बघून असंही म्हणाले, की त्या भिजक्याचं पुढं काय होतंय ते बघायला हवं, जीव लागलाय त्याच्यात. आई खूश. लेकीला मात्र दुसरंच दिसत होतं. उद्या सकाळी पहिल्या फेरीला बाबा गाडी काढणार होते. नव्या बाईंची डबल बेल त्यांना कळेल, न कळेल. कोणीतरी पायरीवर असेल, नसेल. आणि हे बाबांना आईसमोर सांगायचं कसं? आईच्या माघारी तरी कसं? पाठमोरं सांगून उपयोग नव्हता आणि समोर सांगायला जीभ उचलत नव्हती.

पडद्यावर छत्रीवाला भिजक्याला सांगत होता, आता बाहेर ये, टाक्याला संशय आलाय. भिजका म्हणत होता, अजून थोडे दिवस.

"नाही निघणार तो," बाबा म्हणाले. "निघून करील काय? दुसरं येतं काय त्याला?"

"मरेल की हो मग," आई म्हणाली. ती टीव्हीकडे तोंड करून बोलली होती. बाबांनी उत्तर दिलं नाही.

लेकीनं मालिका थांबवली. ती उठली आणि टीव्हीसमोर, बाबांच्या अगदी पुढ्यात उभी राहिली. तिला बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. आणि मग तिला वाटलं, असंच बरं. तिनं फक्त ओठ हलवले. एक एक शब्द, नीट, बिनआवाजाचा.

बाबा, उद्या गाडी काढू नका.

"का?" बाबा म्हणाले. "उद्या काय आहे?"

खोलीत पंखा फिरत होता. आईची सुई कापडात अर्धी राहिली.

"ती कुठं काय बोलली?" आईनं विचारलं.

बाबांनी आईकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. त्यांना आधी कळलं नाही. मग लेकीचे डोळे भरलेले दिसले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. इतकी वर्षं जपून टाकलेली पावलं, आणि घरात, मालिका बघताना, पाय घसरला होता.

आई उठून त्यांच्यासमोर येऊन बसली, जमिनीवर. कधीपासून, एवढंच तिनं विचारलं.

आधी घड्याळाची टिकटिक गेली, बाबा म्हणाले. मग पाखरं. मग तू स्वयंपाकघरातून बोलायचीस ते. आता समोरचं माणूस दिसलं तर येतं, थोडं ओठांतून, थोडं अंदाजानं. सांगणार होतो, पण सांगितलं असतं तर तू गाडीवर जाऊ दिलं नसतंस.

"मला वाटलं, माझं बोलणंच नकोसं झालंय तुम्हाला," आई म्हणाली. "मी ओळ टाकायचे, तुम्ही उचलायचा नाही. मी म्हटलं, जाऊ दे, आटलं असेल माणूस. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं, आणि मी रुसून बसले होते."

ती रडली नाही. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो हात तिथंच विसरली.

लेकीनं किल्लीचं आणि बसमध्ये बसल्याचं सांगितलं, तेव्हा बाबा तिच्यावर मात्र चिडले. दोन दिवस तू माझ्यावर पाळत ठेवलीस, म्हणाले. त्या छत्रीवाल्यासारखी लपून माझ्याच गाडीत बसलीस. ती म्हणाली, लपून नाही, पुढच्याच बाकावर होते. त्यावर त्यांनी हात झटकला. माझ्या गाडीला आजवर ओरखडा नाही, सांग एक तरी प्रसंग, म्हणाले. त्यांचा आवाज वाढत चालला होता; आपला आवाज वाढलाय हेही त्यांना कळत नव्हतं.

लेकीला हे बोलायचं नव्हतं. पण दुसरं काही उरलं नव्हतं.

"आज पुलाच्या अलीकडे तुमच्या मागे ॲम्ब्युलन्स होती."

"दिली की वाट."

"टोळकाकांनी हात केला तेव्हा दिलीत. ती केव्हाची ओरडत होती."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आपण नीट वाचलं ना, याची खात्री करत असावेत.

"खूप वेळ?" त्यांनी विचारलं.

"आत कोणीतरी होतं, बाबा."

ते उठले आणि गॅलरीत गेले. यावेळी आईही मागोमाग गेली. लेकीनं टीव्ही बंद केला. भिजका जिन्यात अर्ध्यावर होता, तसाच अंधारात गेला.

सकाळी बाबा कामाचा शर्ट घालून तयार. आईनं डबा हातात दिला आणि तोंड हे एवढं उघडून, शब्द चावून चावून विचारलं, की आज नक्की जायचंय का.

"अगं, अशी तोंड वाकडं करून बोलू नकोस," बाबा म्हणाले. "गाय रवंथ करते तशी दिसतेस. साधं बोल, कळतं मला."

आई भांडायला आणि हसायला एकदमच निघाली, त्यात दोन्ही राहिलं. बाबा चपला घालायला बसले. लेकीनंही पायात चपला अडकवल्या. तू कुठं, असं त्यांनी विचारलं नाही.

डेपोपर्यंत दोघं चालत गेले. बाबा रोजच्यापेक्षा भरभर चालत होते. एकदा त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, काही म्हणाली का म्हणून. ती काहीच म्हणाली नव्हती.

गाडी रांगेत उभी होती, रिकामी. नव्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर पिशवी, तिकिटांचं यंत्र पुसून तयार. त्यांनी बाबांना नमस्कार केला. बाबा केबिनमध्ये चढले, आसनावरची धूळ झटकली, इंजिन चालू केलं. लेक दाराच्या दांडीला धरून पायरीवर उभी राहिली. उतरायचं की आत जायचं, तिला ठरवता येईना. खाली उभं राहून गाडी अडवावी असं एकदा तिच्या मनात आलं, इतकं खरंखुरं, की तिचे पाय पुढं सरकलेसुद्धा.

बाबांनी मान मागं वळवली. "बाई, मागं जाऊन जरा बेल मारून बघा."

"चालू आहे काका, मी बघितली."

"तरी मारा."

बाई मागं गेल्या. बाबांनी तोंड समोर केलं, हात मांडीवर ठेवले आणि आरशात बघितलं नाही. लेकीनं पाहिलं, त्यांनी चपलेतून पाय काढून उघडा तळवा केबिनच्या पत्र्यावर टेकवला होता.

डबल बेल वाजली. टण टण. समोरच्या रांगेतल्या गाडीच्या ड्रायव्हरनं वर पाहिलं, इतकी खणखणीत.

बाबा वाट बघत होते.

बाईंनी पुन्हा दोरी खेचली. पुन्हा. इंजिनाची घरघर आणि त्यावर ती बेल. बाबांचा पाय पत्र्यावर तसाच, आणि चेहरा असा, की कोणीतरी येणार आहे म्हणून माणूस दाराशी उभा असावा.

"किती वेळा मारू, काका?" मागून बाई म्हणाल्या.

बाबांनी लेकीकडे वळून पाहिलं. तिनं मान हलवली, इतकीच, की हो, वाजली.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. त्यांनी पायात चप्पल घातली, खाली उतरले, आणि बाईंना सांगितलं, की पहिल्या फेरीला दुसरा ड्रायव्हर येईल, थोडा वेळ लागेल, लोकांना तसं सांगा. मग डेपोच्या कचेरीकडे निघाले. दाराशी मात्र ते थांबले.

"तू आत ये," ते लेकीला म्हणाले. "साहेब मान खाली घालून बोलतात. काही सुटलं तर मला सांग."

साहेबांच्या टेबलावर वेळापत्रकं पसरलेली. पहिल्या फेऱ्यांची घाई, फोन खांद्यावर, पेन्सिल हातात. बाबांना बघून त्यांनी मान न उचलता काहीतरी विचारलं. गाडी अजून का निघाली नाही, असंच काहीतरी. लेकीनं सांगायला ओठ उघडले, पण बाबांनी तिला हातानं थांबवलं. ते टेबलाच्या अगदी जवळ गेले.

"साहेब," ते म्हणाले, "जरा वर बघून बोला. मला ऐकू येत नाही."

आवाज अंमळ मोठाच लागला होता. बाहेरच्या बाकावर बसलेले ड्रायव्हर, कंडक्टर बोलायचे थांबले. साहेबांनी फोन खाली ठेवला आणि वर पाहिलं.